वाढीचं वय

प्रिय ताई,

तुझा राग पोचला. एका दिवसात इतके मेसेज माझ्या संघातला दर्पण त्याच्या वाणगावच्या त्या मुलीलाही करत नाही. नोव्हेंबरचा रिपोर्ट पाठव, नोव्हेंबरचा का नाही पाठवलास, दिपू तू मुद्दाम करतोयस का? हो, मुद्दाम करतोय. मुंबईच्या हॉस्पिटलचे सगळे कागद मी तुला पाठवले, फक्त दिवाळीनंतर बोईसरच्या डॉक्टरांनी काढायला लावलेला रक्ताचा रिपोर्ट मागे ठेवला. तो हरवलेला नाही, माझ्याच फाइलमध्ये आहे. पुढच्या आठवड्यात तू आलीस की तो तुझ्या हातात पडणारच, कारण बाबा ती फाइल स्वतः आणून तुझ्यापुढे ठेवणार आहेत. त्याआधी तू हे पत्र वाचावंस म्हणून लिहायला बसलो.

फोनवर बोललो असतो, पण तुला आपलं घर माहीत आहे. स्पीकर लावल्याशिवाय बाबांना तो फोनच वाटत नाही. आणि आता तर मी नुसता खोकलो तरी ते उठून बसतात. गावापेक्षा इथून मुंबईला जायला सोपं म्हणून आम्ही तिघं सालवडला कमलेशमामाकडे राहतोय, पण खोली एकच, मधे मामीची जुनी साडी पडदा म्हणून लावलेली. गुप्त गोष्ट बोलायला जागा नाही. म्हणून वहीत लिहितोय, बाबा औषधं आणायला गेले की तेवढं. दर्पण येईल तेव्हा पानांचे फोटो काढून त्याच्या फोनवरून तुला पाठवेल. वाचू नकोस म्हणून त्याला बजावलंय, म्हणजे तो नक्की वाचेल. वाचू दे, तो आपलाच आहे. अक्षराला मात्र नावं ठेवू नकोस, सुया टोचून टोचून हात सुजलाय.

माझी खबर अशी. केस गेले, भुवया गेल्या, मिशी नुकती धरू लागली होती तीही गेली. दर्पण म्हणतो, आता तू किशोर गटात कबड्डी खेळायला उभा राहिलास तर पंच उठून तुला खुर्ची देतील. तिसरं केमो झालं. त्यानंतर काही दिवस पोटात पाणी ठरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मला मासळीचा वास सहन होत नाही. आपल्या घरात जन्मून! आई गावाहून सुके बोंबील आणायची आणि ते चुलीवर टाकले की मी उशीत तोंड खुपसायचो. आता तिनं आणायचंच बंद केलंय, घरात कोणीच खात नाही, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा आंबट वास आत येतो. शेजारी ओडिशाचा एकजण राहतो, एमआयडीसीत कामाला आहे, तो जाता जाता दार वाजवून सांगतो, "भाई, खिडकी बंद कर लो, आज ज्यादा है." मग आई खिडकी लावते आणि आम्ही सगळे घामात बसून राहतो. एप्रिलमधलं सालवड तुला आठवत असेल. ताडगोळे तेवढे पोटात राहतात, ते जिवल्या आणून देतो. हो, तोच जिवल्या.

पाय कसा मोडला हे मी तुला फोनवर कधी नीट सांगितलं नाही. तू समजलीस की कोणीतरी पकड केली आणि मोडला. पण मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. डिसेंबरची निवड चाचणी होती, मातीचं मैदान, सकाळचं थंड ऊन. मी चढाईला गेलो, बोनस रेषेवर डावा पाय टाकला आणि परत वळलो, तर गुडघ्याच्या वर आतून आवाज आला. मी खाली बसलो. पाय मोडलाय हे मला कळायच्या आधी तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच होतं, ताई, दम सोडला नव्हता, मी हातांवर मध्यरेषेकडे सरपटत होतो. समोरचे सातही जण बाजूला होऊन उभे राहिले. कोणी अंगावर आलं नाही, कारण माझा पाय मागे भलतीकडेच वळलेला होता. बाबा चपला टाकून धावत आले. त्या दिवशी संध्याकाळी बोईसरमध्ये एक्सरे काढला आणि तिथून पुढचं सगळं तुला माहीत आहे. खेळताना मोडलेला पाय नव्हता तो, गाठीनं आधीच पोखरलेला होता.

आता माझ्या कागदावरच्या वयाकडे येतो. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना मलाच ते पहिल्यांदा ओळीनं दिसतंय. बाबा तेव्हा गुजरातेत ओख्याला बोटीवर खलाशी होते. तू इथे मामाकडे शाळेला आणि आई बाबांबरोबर तिकडे. मी तिथल्याच भाड्याच्या खोलीत जन्मलो, माझी नोंद करायला कोणी गेलं नाही. तीनेक वर्षांनी आई बाळंतपणाला परत आली आणि बोईसरला हॉस्पिटलात आपला लहान भाऊ झाला. तो बारसं व्हायच्या आतच गेला. जन्माची नोंद हॉस्पिटलनं केली होती, मेल्याची करायला कोणाचे पाय उचलले नाहीत. दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहिली. पुढे आपण कायमचे गावी आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि दिसायला पाचचा. शाळेनं दाखला मागितला. बाबांनी पेटीतून तो काढला आणि रिकाम्या जागेत दिपेश लिहून आणलं. आठ वर्षांचा घोडा पहिलीत बसवायची त्यांना लाज वाटली, एवढंच. त्यात कबड्डी कुठेच नव्हती.

कबड्डी नंतर आली. मी वजनानं हलका, अंगापिंडानं बारीक, आणि कागदावर वयानं तीन वर्षं लहान, त्यामुळे सोळाच्या खालच्या किशोर गटात माझ्यापुढे कोणी टिकायचं नाही. बाबांचा तो चुरगळलेला कान माहीत आहे ना, तरुणपणी पकडी करून करून झालेला? त्यांना जिल्ह्याच्या पुढे कधी जाता आलं नव्हतं, ते मी जाणार होतो. आधी लाज होती, मग तिचा फायदा दिसला. आपल्याकडे वयचोर म्हणजे शिवी नाही, गंमत आहे. प्रत्येक संघात दोन-तीन असतात, सगळ्यांना माहीत असतात, गालावर हात फिरवून दाढी किती आली म्हणून हसतात. एकटी तू हसली नाहीस. मागच्या वर्षी माझी निवड झाली आणि बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा जिवल्या बाहेर राहिला. तो खरोखरचा चौदाचा होता. तू बाबांना फोनवर सांगितलंस की तुम्ही त्या पोराची जागा खाल्लीत, आणि एका मेलेल्या बाळाचं वय ह्याच्या अंगावर घातलंत. बाबांनी फोन ठेवला, तो पुढच्या गणपतीपर्यंत उचलला नाही. तेव्हा मी बाबांच्या बाजूनं होतो. तुला कॅनडाचं वारं लागलं असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

आता माझ्या जागी जिवल्या गेलाय. तो पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, माझी मजा बघायला आला असेल. पण तो स्वतः ताडावर चढून काढलेले गोळे पिशवीत घेऊन आला होता आणि बसून एकेक सोलून देत राहिला. मला म्हणाला, "तुजा पाय बरा होल तवा परत खेलू, मी काय तुजी जागा अडवली नाय." ह्या दुखण्यात मी इतरांपुढे क्वचित रडलोय, त्याच्यापुढे रडलो.

आता नोव्हेंबर. दुखायला गणपतीतच लागलं होतं. दिवसा चालायचं, रात्री ठणकायचं. बाबा तेल चोळायचे, आई वाळू गरम करून फडक्यात बांधून शेकायची. दिवाळी झाली तरी राहीना म्हणून बाबा मला बोईसरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, वय काय? बाबा म्हणाले, "पंदरा. जानेवारीत सोला लागल." त्यांनी ठरवून खोटं सांगितलं असं समजू नकोस. इतकी वर्षं तेच सांगत आल्यावर तोंडातून तेच येतं. आणि डिसेंबरात निवड होती, किशोर गटातलं शेवटचं वर्ष, त्यात हे डॉक्टर आपल्याकडच्या स्पर्धांना पाहुणे म्हणून स्टेजवर असतात. मला विचारलं असतं तर मीही पंधराच म्हणालो असतो. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, रक्त काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात एक आकडा मोठा होता, अल्कलाइन फॉस्फेटेजचा, पण लॅबनं पंधरा वय घातल्यामुळे शेजारी छापलेली मर्यादा त्याहून मोठी होती. आकडा साध्या अक्षरात आला, धोक्याचे छापतात तसा जाड झाला नाही. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, हाडं वाढताना हे एन्झाइम रक्तात जास्त असायचंच, आणि वाढणाऱ्या मुलांचे पाय रात्री दुखतातही. दूध, अंडी, कॅल्शियमच्या गोळ्या आणि गुडघ्याला पट्टा. त्यांचा काही दोष नाही, त्यांना जे सांगितलं त्यावरूनच त्यांनी वाचलं.

बाबा काय खूश झाले म्हणून सांगू! घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आपला पोऱ्या अजून वाडतो हाय, डॉक्टर बोलला." मला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलनं खूण केली. मी अठराचा झालो होतो, दोन वर्षांत बोटभर वाढलो नव्हतो, आणि हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. तरी ते खरंच खूश होते. रोज चिंबोऱ्यांचा रस्सा, रोज अंडी. मी विचार करतो तेव्हा मला वाटतं, त्यांचाही त्या कागदावर विश्वास बसला होता. त्यांना पंधरा वर्षांचा मुलगा होता आणि तो वाढत होता. मी तुला त्या दिवशी फोनवर सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत. तू विमानतळावर होतीस, तुझ्या जनावरांसाठी रानात जायच्या गडबडीत, म्हणालीस, बरं झालं. आकडा तू विचारला नाहीस आणि विचारायचं काही कारणही नव्हतं.

आणि ताई, एन्झाइम तुझंच निघालं. मागच्या हिवाळ्यात तू मला बर्फातून व्हिडिओ लावला होतास. हेलिकॉप्टरमधून इंजेक्शन मारून झोपवलेला तो मूस, तिकडचं ते सांबरासारखं जनावर, आपल्या बैलाहून उंच, डोळ्यांवर फडकं बांधलेला, आणि तू गुडघे टेकून त्याच्या मानेतून रक्त काढत होतीस. मी विचारलं, एवढा खटाटोप करून त्याच्या रक्तात बघता काय? तर तू थंडीनं दात वाजत असताना मला तिथेच शिकवायला बसलीस. रानातल्या जनावराचं नॉर्मल काय हे कोणालाच धड माहीत नाही म्हणालीस. पाडसाचं वेगळं, जवान जनावराचं वेगळं, म्हाताऱ्याचं वेगळं. हाडं वाढत असतात म्हणून पाडसांच्या रक्तात हे एन्झाइम भरमसाट असतं, वाढ थांबली की उतरतं आणि वय होत जाईल तसं उतरतच जातं. नराला शिंगं फुटताना काय तेवढं पुन्हा चढतं. त्यामुळे जनावराचं वय कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. पाडसाचा आकडा पुऱ्या वाढलेल्या जनावरात सापडला तर ती वाढ नव्हे, कुठेतरी हाडात नाहीतर लिव्हरमध्ये बिघाड. मी म्हटलं होतं, मग त्यांना आधार कार्ड काढून द्या. तू हसलीस आणि सांगितलंस की त्यांचा दात हेच आधार कार्ड, पुढचा एक दात काढून त्याच्या मुळातली वर्तुळं मोजायची, तिथे कोणाची लबाडी चालत नाही. एका मादीचा दात वाटेत हरवला म्हणून तिचं सगळं रक्त तू अभ्यासातून काढून टाकलं होतंस. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला होता. एवढं हेलिकॉप्टर उडवून, एवढ्या थंडीत जाऊन काढलेलं रक्त, अंदाजानं वय घालून वापरायचं की! तू म्हणालीस, अंदाजानं घातलेलं वय हे वय नसल्यापेक्षा वाईट.

जानेवारीत मुंबईला गेलो. तिथे उन्नती मॅडम म्हणून तरुण डॉक्टर आहेत. एक्सरे उजेडात धरून त्या माझ्या मोडलेल्या पायाकडे बघून झाल्यावर चांगल्या गुडघ्याकडेच बघत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, ह्याचं खरं वय काय? हाडांची टोकं पूर्ण जुळलेली दिसतात, पंधराव्या वर्षी अशी जुळत नाहीत. बाबा खाली केसपेपरच्या रांगेत होते. आईनं एका दमात सगळं सांगून टाकलं, ओखा, बाळ, दाखला, शाळा. मॅडमनी फाइलवरचं पंधरा खोडून अठरा लिहिलं. मग पानं मागे मागे उलटत त्या नोव्हेंबरच्या रिपोर्टवर आल्या आणि थांबल्या. एक बोट आकड्यावर ठेवलं, एक वयावर. आईला काही कळलं नाही. मला कळलं, ताई, तुझ्यामुळे कळलं. मी विचारलं, मॅडम, अठराला हा आकडा नॉर्मल नाही ना? त्या म्हणाल्या, नाही. अठरा सांगितलं असतं तर कोणत्याही डॉक्टरनं त्याच दिवशी एक्सरे काढला असता. मग म्हणाल्या, पण आता त्याचा विचार करू नकोस.

कसा नाही करणार? गाठ तेव्हा केवढी असेल, छातीत काही उतरलं होतं का नव्हतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित तेव्हाच पसरलेली असेल आणि काहीच फरक पडला नसता. कदाचित फक्त पाय गेला असता आणि मी राहिलो असतो. ह्या दोन्हीतलं जास्त खरं कुठलं हे तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील, आणि मला ते ऐकायचं नाहीये. मी मॅडमना एवढंच म्हटलं की बाबांना सांगू नका. त्या म्हणाल्या, मी आपणहून सांगणार नाही, पण कोणी समोरासमोर विचारलं तर खोटंही बोलणार नाही. बाबांना अजून ते नेमकं विचारायचं सुचलेलं नाही. वय बदलल्याचं कळलं तेव्हा ते शरमले, मान खाली घालून म्हणाले, "बरा झाला, एकदाचा खरा लिवला." त्यांच्या लेखी तो नुसता कागद दुरुस्त झाला.

पण दुसरी एक गोष्ट ते सगळ्यांना विचारत सुटलेत. आमी आदी आनला असता तर? मॅडमना विचारतात, ड्रेसिंग करणाऱ्याला विचारतात, औषधांच्या दुकानात विचारतात, शेजारच्या ओडिशावाल्याला त्यांच्या त्या हिंदीत विचारतात. सगळे काहीतरी गोलमोल बोलतात, देवाच्या हाती वगैरे. त्यानं त्यांचं समाधान होत नाही. परवा त्यांनी मॅडमना विचारलं की बापाचं हाड पोराला बसतं का, म्हणजे आमच्या पायातलं काढून घ्या, आम्हाला आता कुठे धावायचंय. मॅडम बाहेरच निघून गेल्या. बोट त्यांनी काकांच्या हवाली केली, किनाऱ्याकडे फिरकत नाहीत. मला पाठीवर घेऊन जिना उतरतात, रिक्षात ठेवतात, परत चढवतात, मामालाही हात लावू देत नाहीत. मी त्यांच्या मानेला मिठी मारून बसतो आणि तो चुरगळलेला कान माझ्या गालाला लागतो. ह्या वयात मला एवढं कोणी उचलून घेईल असं वाटलं नव्हतं.

आईचं वेगळंच चाललंय. ती म्हणते, त्या बाळानं आपलं वय परत मागितलं. "त्याचा होता तो तुमी ह्याला दिला, त्याला बी लागत असल." जेवायला बसली की एक घास बाजूला काढून ठेवते, कोणासाठी ते सांगत नाही, आम्ही विचारत नाही. बाबांच्या तोंडावर हे बोलून दाखवते. आणि गंमत बघ, बाबा ते सहन करतात. येडी झाली हाय म्हणतात आणि उठून पाणी प्यायला जातात. कारण बाळ येऊन वय मागत नाही हे त्यांना माहीत आहे. आईचा आरोप त्यांना हसून उडवता येतो, म्हणून त्यांचं अजून चाललंय.

तुझा नाही उडवता येणार. म्हणून मला तुझी धास्ती आहे, रागावू नकोस. ते रोज म्हणतात, "हेमा येल, ती सांगल. जनावरांची असली तरी डॉक्टर हाय आनि ती खोटा बोलाची नाय." तुमच्यात एवढं भांडण झालं तरी त्यांचा विश्वास कोणावर असेल तर तो तुझ्यावर. तो नोव्हेंबरचा रिपोर्ट मी फाडून टाकणार होतो. पण बाबांना वाचता येत नसलं तरी फाइलमधला कागद न् कागद ते रंगावरून ओळखतात, तुझ्यासाठी म्हणून रोज नीट लावून ठेवतात, आणि त्या लॅबच्या कागदावर निळा पट्टा आहे. एक नसला तरी त्यांच्या लक्षात येईल. म्हणून तो तिथेच आहे.

मे महिन्यात पाय काढणार आहेत, कमरेच्या जवळून. हे तुला माहीत आहे. छातीतल्या गाठी केमोनं लहान झालेल्या नाहीत, हे तुला माहीत नाही, त्या स्कॅनचा कागद अजून हातात आलेला नाही. मॅडमनी मला एकट्याला सांगितलं, कारण आता फाइलवर मी अठरा पूर्ण आहे, मला सांगावं लागतं. मला भीती वाटते, ताई. दिवसा मी सगळ्यांना हसवतो, पण भीती वाटते. आणि तुझी आठवण येते, आज ना उद्या येशील ह्यावर मी दिवस ढकलतोय.

तर आता ऐक, ह्याच्यासाठीच एवढं लिहिलं. तू आलीस की बाबा चहासुद्धा होऊ देणार नाहीत, फाइल तुझ्या मांडीवर ठेवतील आणि सगळ्यात जुना म्हणून तो निळ्या पट्ट्याचा कागद काढून तेच विचारतील, आधी आणला असता तर? तू तो हातात घेऊन नीट वाच, घाई करू नकोस, नाहीतर त्यांना संशय येईल. मग सांग की पंधरा असो नाहीतर अठरा, ह्या आकड्यावरून कोणालाच काही कळलं नसतं, कोणीही हेच म्हणालं असतं. त्यांच्या डोळ्यांत बघून सांग. तू बरोबर होतीस, सुरुवातीपासून तूच बरोबर होतीस, हे मी इथे माझ्या हातानं लिहून देतोय, पण ते त्यांना ऐकवू नकोस, माझ्या मागेही नको, भांडणात तर कधीच नको. मी राहीन न राहीन, बाबांना राहायचंय, आणि तो माणूस हे ऐकून एक रात्र जगणार नाही. तुला हे किती जड जाईल ते मला ठाऊक आहे. माझ्या वयाचं खोटं आपल्या घरात सगळ्यांनी बोलून झालंय, बाबांनी, आईनं, मी, मामानं. आता एकदा तू बोल.

तुझाच,
दिपू